'बसव' नामाचा उगम आणि ते नाम धारण करणारे राजे



बाळाची लिंगधारणा झाली आणि पाळण्याचा दिवस जवळ आला की घरातील वडील मंडळी नाव विचारण्यासाठी मठात येतात. एके काळी हा प्रश्न विचारण्यापुरताच होता. आजोबा बसप्पा असतील तर नातू बसवराज, हे घरात आधीच ठरलेले असे. आता तरुण माता-पिता बरोबर येतात आणि संकोचाने म्हणतात, "अप्पाजी, वडिलांचा आग्रह बसव नावाचा आहे. पण पोर मराठी शाळेत जाणार. मास्तरांनी 'बसवा' म्हणून हाक मारली की बाकीची मुले 'उठवा' म्हणून ओरडणार. शिवाय नंदीबैल म्हणून चिडवतील ते वेगळेच." काही मोठी माणसेही नोकरीच्या गावी गेल्यावर आपले नाव दोन अक्षरांत आखडून घेतात. घरी बसवराज, बाहेर नुसते राज.

या शंकेला रागावून उत्तर देणे योग्य नाही. नाव आयुष्यभर मुलाला वाहायचे आहे, तेव्हा आई-वडिलांनी विचार करणे रास्तच आहे. मात्र विचार करण्यापूर्वी हे नाव कोठून आले, ते कोणी कोणी धारण केले आणि त्याचा खरा अर्थ काय, हे माहीत असावे. म्हणून या महिन्याच्या पाठात एका वचनाचे विवरण न करता एका नामाचे विवरण करावयाचे योजिले आहे.

शब्दाचा प्रवास

'बसव' हा शब्द मूळ संस्कृत 'वृषभ' या शब्दाचे कन्नड रूप होय. 'वृष्' या धातूचा अर्थ वर्षाव करणे, सिंचन करणे. जो बलाचा वर्षाव करतो, ज्याच्या श्रमाने शेत फळते, तो वृषभ. 'ऋषभ' हा त्याचा जवळचा सोबती. दोन्ही शब्द बैलाला लावतात आणि दोन्ही 'श्रेष्ठ' या अर्थानेही वापरतात. पुरुषर्षभ म्हणजे पुरुषांत श्रेष्ठ, हे संस्कृत शिकलेल्यांस ठाऊक आहे.

वृषभापासून बसव कसा झाला, हे मराठी वाचकाला समजणे कठीण नाही, कारण आपल्या भाषेतही असेच बदल झाले आहेत. संस्कृतातील ऋ प्राकृतात पुष्कळदा अ होतो. तृण याचे आपण तण केले. ष याचा स होतो. भ याचा ह होतो, जसे गभीर याचे गहिरा झाले. अशा रीतीने वृषभ प्राकृतात 'वसह' झाला. पुढे कन्नड भाषेने त्याला आपला साज चढविला. कन्नडमध्ये शब्दाच्या आरंभीचा व बहुधा ब होतो. वन याचे बन, वर्ण याचे बण्ण, वीथी याचे बीदी, वसती याची बसदी. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. त्या बसदीत जो ब आहे तोच बसवातील ब आहे. प्राचीन वनवासी नगरी बनवासी झाली ती याच वाटेने. तेव्हा वसह याचे बसह आणि बसह याचे बसव झाले.

म्हणजे मराठीतील 'बसणे' या क्रियापदाशी या नावाचा काडीमात्र संबंध नाही. शाळेत चिडविणाऱ्या मुलाला हे एकदा समजावून सांगावे. ज्याचे नाव चालणाऱ्या, ओढणाऱ्या, नांगरणाऱ्या प्राण्यावरून आले, त्याला बसण्याशी जोडणे हा केवळ ध्वनीचा खेळ आहे.

शरणांनी या तीन अक्षरांचा आणखी एक अर्थ लावला आहे. ब म्हणजे गुरू, स म्हणजे लिंग आणि व म्हणजे जंगम. हा भावार्थ आहे, व्युत्पत्ती नव्हे. व्युत्पत्ती शब्द कोठून आला ते सांगते. भावार्थ तो शब्द उच्चारताना मन कोठे जावे ते सांगतो. अभ्यासकाने दोन्ही आपापल्या जागी मानावेत, एकाच्या जागी दुसरा ठेवू नये.

बसवण्णांच्या पूर्वीचे राजपुरुष

या नामाचे कूळ फार जुने आहे. जैन परंपरेत पहिले तीर्थंकर आदिनाथ यांचे नाव ऋषभ किंवा वृषभ. ते नाभिराजाचे पुत्र, स्वतः राजे, आणि लोकांना शेती व इतर उद्योग शिकविणारे, असे ती परंपरा सांगते. त्यांचे लांछन वृषभच आहे. कन्नडचा आदिकवी पंप याने इ. स. ९४१ मध्ये 'आदिपुराण' रचले ते याच ऋषभाच्या चरित्रावर. राज्य उपभोगून शेवटी ते सोडणारा राजा म्हणून हे नाव कन्नड देशात बसवण्णांच्या आधी दोनशे वर्षे गाजत होते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. उषवदात म्हणजे ऋषभदत्त, वृषभाने दिलेला. वंशाने तो शक, म्हणजे बाहेरून आलेला; पण नाव धारण केले ते या भूमीचे. त्याने तीन लाख गाई दान दिल्याचे लेखात आहे. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे दान. पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर त्याने लोकांना उतरून जाण्यासाठी विनामूल्य नावांची सोय केली. वाटसरूला पैलतीरी वाहून नेणे, हे वृषभाच्या नावाला शोभणारे काम आहे.

तिसरे उदाहरण सिंहलद्वीपाचे. तेथील अनुराधपूर येथे सुमारे इ. स. ६७ ते १११ या काळात वसभ नावाचा राजा होऊन गेला. वसभ हे वृषभाचेच पाली रूप. 'महावंस' या ग्रंथात त्याची कथा आहे. त्या वेळी शुभ नावाचा राजा गादीवर होता. तो मुळात द्वारपाल. चेहऱ्याच्या साम्यामुळे त्याने खऱ्या राजाची जागा बळकावली होती. वसभ नावाचा पुरुष राजा होईल, असे भविष्य त्याला कोणी सांगितले. तेव्हा त्याने द्वीपातील वसभ नावाच्या प्रत्येक माणसाला मारण्याची आज्ञा काढली. आपला हा वसभ सेनापती असलेल्या मामाच्या पदरी चाकरीला होता. मामा त्याला विड्याचे सामान घेऊन राजवाड्याकडे घेऊन निघाला, तो त्याला राजाच्या हवाली करण्यासाठीच. मामीने विडा देताना मुद्दाम चुना दिला नाही. दारापाशी चुना नाही असे दिसताच मामाने वसभाला परत पाठविले आणि मामीने त्याला सर्व सांगून पळून जाण्यास मदत केली. पुढे हाच वसभ राजा झाला. त्याने चव्वेचाळीस वर्षे राज्य केले, आणि तलाव व कालवे बांधणारा राजा म्हणून त्याचे नाव राहिले.

या कथेत विचार करण्यासारखे काय आहे? शुभ राजाला नावाची भीती वाटली. नाव नाहीसे केले म्हणजे भवितव्य नाहीसे होईल, असे त्याने मानले. पण त्या द्वीपात वसभ नावाची किती तरी सामान्य माणसे होती, त्यांचे प्राण त्या आज्ञेने धोक्यात आले. राजाला नाव डोळ्यांत खुपते तेव्हा ते केवळ राजपुत्रांचे नसते. चाकरांचे, शेतकऱ्यांचेही असते. बसव या नावाचा पुढचा इतिहास नेमका हाच आहे.

ध्वजावरचा वृषभ आणि नावातला वृषभ

बाराव्या शतकात कल्याण येथे कलचुरी बिज्जळ राज्य करीत होता. त्याच्या घराण्याचे मूळ ठाणे मंगळवेढे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील. कलचुरी राजे आपल्या लेखांत स्वतःला 'सुवर्णवृषभध्वज' म्हणवून घेत. सोन्याचा बैल ज्यांच्या निशाणावर आहे असे ते राजे होत.

त्याच बिज्जळाच्या दरबारी बागेवाडीच्या मादरसाचा मुलगा भांडारी म्हणून काम करीत होता आणि पुढे मोठ्या अधिकारपदावर चढला. त्याचे नाव बसव. पुराण म्हणते की मातेने नंदीश्वराची उपासना केली आणि नंदीच या घरी अवतरला, म्हणून हे नाव ठेवले. तेराव्या शतकात पाल्कुरिकी सोमनाथाने तेलुगूत आणि १३६९ मध्ये भीमकवीने कन्नडमध्ये बसवपुराण रचले, त्यांतून ही कथा घरोघर पोचली. इतिहासही त्याच घराची साक्ष देतो. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यात अर्जुनवाड येथे यादव राजा कन्नर याच्या काळचा १२६० सालचा शिलालेख आहे. त्यात बागेवाडीच्या मादिराजाचा पुत्र म्हणून बसवराजाचा उल्लेख येतो, आणि त्याच घराण्यातील हालबसविदेव या पुरुषाचेही नाव येते. म्हणजे बसवण्णांच्या नंतर शंभर वर्षांच्या आत त्यांच्या कुळात हे नाव पुन्हा ठेवले गेले होते.

एकाच राजवाड्यात दोन वृषभ होते, हे पाहा. एक सोन्याचा, राजाच्या ध्वजावर. तो वाऱ्यावर फडकत होता. दुसरा हाडामासाचा, सेवकाच्या नावात. त्याच्या खांद्यावर भांडाराचा हिशेब होता, अनुभवमंटपाची व्यवस्था होती, दारी आलेल्या शरणांचा दासोह होता. ध्वजावरचा वृषभ कलचुरींच्या सत्तेबरोबर थोड्याच वर्षांत उतरला. नावातला वृषभ आजही चालतो आहे.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. बसवण्णांनी आपल्या वचनांवर स्वतःच्या नावाची मुद्रा उमटविली नाही. त्यांची मुद्रिका कूडलसंगमदेवाची आहे. 'बसव' हे नाव आपल्याला भेटते ते इतरांच्या वचनांत. अल्लमप्रभूंच्या, सिद्धरामांच्या, अक्कमहादेवींच्या. हडपद अप्पण्णांनी तर आपल्या मुद्रिकेतच बसवाचे नाव गुंफले. हडप म्हणजे पानदान. अप्पण्णा हे बसवण्णांच्या जवळ विडा-पान सांभाळणारे शरण. राजाने शिलालेखात स्वतःचे नाव कोरविले, पण बसवाचे नाव पानदान वाहणाऱ्याने जपले. नामाला मोठेपण येते ते असे, ज्याचे नाव त्याने ते उच्चारल्याने नव्हे.

बिदनूरचे बसवप्पा

येथून पुढे उलटा प्रवास सुरू होतो. आजवर राजांच्या घरातील नाव सामान्यांकडे येई. आता सेवकाचे नाव राजांनी घेतले.

केळदीचे नायक घराणे वीरशैव परंपरेतले. केळदी, मग इक्केरी, मग बिदनूर अशा त्यांच्या राजधान्या होत्या. या घराण्यातील राणी चेन्नम्मा मराठी माणसाला परकी नाही. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीकडे निघाले असता तिने त्यांना आश्रय व वाट दिली आणि त्यासाठी औरंगजेबाच्या फौजेशी सामना केला. या राणीला पुत्र नव्हता. तिने ज्याला दत्तक घेतले त्याचे नाव बसवप्पा. तो सुमारे १६९७ ते १७१४ राज्य करीत होता. घराण्यात याच नावाचा दुसरा राजा झाल्यामुळे त्याला हिरिय, म्हणजे थोरला, बसवप्पा नायक म्हणतात.

दत्तक आलेल्या मुलाला रक्ताचा आधार नसतो. त्याला नावाला जागून दाखवावे लागते. थोरल्या बसवप्पाने ते दाखविले ते तलवारीपेक्षा लेखणीने. १७०९ मध्ये त्याने 'शिवतत्त्वरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. नऊ कल्लोळ आणि एकशे आठ तरंग अशी त्याची रचना आहे. पुत्र सोमशेखराने विचारावे आणि पित्याने सांगावे, अशी मांडणी आहे. शिवतत्त्वापासून आरंभ करून सृष्टीची रचना, राजनीती, केळदी घराण्याचा इतिहास, वास्तू, संगीत, पाककला, वैद्यक, अश्व-गज यांची परीक्षा असे असंख्य विषय त्यात येतात. कल्याणच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथाशी त्याची तुलना होते. बापाने मुलाला राज्य देण्यापूर्वी ज्ञान दिले, आणि स्वयंपाकघरापासून शिवतत्त्वापर्यंत काहीही हलके मानले नाही. कायक आणि ज्ञान यांची ही सांगड बसव नावाला शोभते.

त्याच काळात शेजारच्या सोंदे राज्यात बसवलिंगराज गादीवर होता. हैदरअलीने सोंदे घेतल्यावर तेथील राजघराणे गोव्यात फोंडा महालात येऊन राहिले. गोव्यातील आपल्या वाचकांना 'सौंदेकर' राजांचा वाडा परिचित आहे. त्या घराण्याच्या वंशावळीतही बसवाचे नाव आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

नाव पांघरणे आणि नाव वाहणे

सर्वच बसवप्पांनी नावाचे चीज केले, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. बिदनूरला दुसरा बसवप्पा १७३९ ते १७५४ पर्यंत होता. त्याच्यानंतर त्याचा दत्तक पुत्र चेन्नबसप्पा आला. त्याची कारकीर्द १७५७ मध्येच संपली आणि सत्ता राणी वीरम्माजीच्या हाती गेली. काही वर्षांनी एक तरुण हैदरअलीपाशी आला आणि म्हणाला, मीच तो चेन्नबसप्पा. मला मारण्याचा बेत होता, मी निसटलो. हैदरला निमित्त मिळाले. या दावेदाराला पुढे घालून तो बिदनूरवर चालून गेला आणि १७६३ मध्ये ते राज्य त्याने गिळले. गादी त्या तरुणालाही मिळाली नाही. वीरम्माजी मधुगिरीच्या किल्ल्यात कैद झाली. १७६७ मध्ये माधवराव पेशव्यांच्या स्वारीत तिची सुटका झाली.

नाव तेच, बसवाचे. एकाने ते वाहिले आणि ग्रंथ निर्माण झाला. दुसऱ्या एका प्रसंगी ते पांघरले गेले आणि राज्य बुडाले. बैलाच्या अंगावर झूल घातली म्हणून तो औताचा बैल होत नाही. त्याची परीक्षा खांद्यावरून होते. आपल्या शेतकऱ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. बेंदराच्या किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, तेव्हा हळद-लोणी लावतात ते शिंगांना नव्हे, खांद्याला. शिंगांचा मान दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीत. आधी जू वाहणाऱ्या खांद्याचा.

नंदीबैलासारखी मान डोलावणे ही म्हण आपल्या भाषेत आहे, आणि ती खोटी नाही. दारोदार फिरविलेल्या, शिकविलेल्या बैलावरून ती निघाली. परंतु बसवण्णा हे मान डोलावणाऱ्यांपैकी नव्हते. राजाच्या पदरी राहून जन्मावरून माणूस उच्च-नीच ठरत नाही असे म्हणणारा, आणि ते राजाला रुचेना तेव्हा पद सोडून कूडलसंगमाची वाट धरणारा माणूस नंदीबैल कसा म्हणावा? मुलाला कोणी तसे चिडविले तर त्याला एवढेच शिकवावे की या नावाच्या थोर पुरुषाने कोणासमोर मान डोलावली नाही.

पालकांसाठी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. बसव हे नाव ठेवलेच पाहिजे का? तसा दंडक नाही. शिव, अल्लम, सिद्धराम, मन्मथ, किती तरी नावे आपल्या घरांत आहेत आणि सर्व चांगली आहेत. दुसरे नाव आवडले म्हणून ते ठेवले तर त्यात काही वावगे नाही.

मात्र केवळ लाजेने हे नाव टाकू नये. हे नाव खेडवळ आहे असे वाटत असेल तर ते खरेच आहे, कारण ते गोठ्यातून आले. पण त्याच नावाने तीर्थंकराला, क्षत्रपाच्या जावयाला, सिंहलच्या राजाला आणि बिदनूरच्या नायकांना ओळखले जाई. आणि या राजांमुळे नाव मोठे झाले, असेही समजू नये. राजांची नावे आज आपल्याला शोधून काढावी लागतात. जो राजा नव्हता, ज्याने स्वतःला लहान म्हणवून घेतले, त्याचे नाव मात्र शोधावे लागत नाही.

ज्यांनी नाव आखडून घेतले आहे त्यांना एक सांगणे. ते पुन्हा पूर्ण लिहिण्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही. आणि ज्यांच्या घरी बसव नावाचे मूल आहे त्यांनी त्याला सांगावे की बाळा, हे मिरविण्याचे नाव नाही, वाहण्याचे आहे. दिवसभरात कोणाचे तरी ओझे थोडे हलके केलेस, तर त्या दिवशी तू नावाला जागलास.

अभ्यासवर्गात चिंतनासाठी
१. वृषभ या शब्दाचे बसव कसे झाले? आपल्या बोलण्यातील असे आणखी चार शब्द शोधा.
२. ध्वजावरचा वृषभ आणि नावातला वृषभ यांत तुम्हाला कोणता भेद दिसतो?
३. आपल्या घराण्यात बसव नावाचे कोण कोण होऊन गेले? त्यांनी कोणते कायक केले, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

शरणु शरणार्थी.